क्वेकरांची साधी भाषा : एका धर्मसाधनेचा सामाजिक इतिहास

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथाचा उल्लेख इतिहासग्रंथांत बहुधा तीन कारणांनी होतो : त्याचा युद्धविरोध, गुलामगिरीच्या उच्चाटनातील त्याचा वाटा आणि त्याची मौन उपासना. या पंथाच्या भाषाव्यवहाराचा निर्देश झालाच, तर तो एक विक्षिप्त प्रकार म्हणून, ओझरता होतो. राजालाही एकवचनी संबोधणारे, न्यायालयात शपथ घेण्यास नकार देणारे, वारांची व महिन्यांची रूढ नावे टाकून त्यांना क्रमांकांनी ओळखणारे हे लोक समकालीनांना हास्यास्पद किंवा उद्धट वाटले. तथापि त्यांचा भाषाविषयक आग्रह त्यांच्या धर्मानुभवातून अपरिहार्यपणे निष्पन्न झाला होता, आणि त्या आग्रहाचा पुढील दोनशे वर्षांचा इतिहास पाहिल्यास प्रचलित समाजाच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या कोणत्याही साधनेचे बळ आणि तिच्यापुढील धोका असे दोन्ही स्पष्ट होतात. प्रस्तुत लेखात याच इतिहासाचा विचार करावयाचा आहे.

१

पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) हा लीस्टरशायर परगण्यातील फेनी ड्रेटन या गावच्या एका विणकराचा मुलगा. यादवी युद्ध सुरू होऊन जेमतेम वर्ष लोटले असता, १६४३ मध्ये, त्याने घर सोडले. पुढील चार वर्षे तो धर्मोपदेशकांकडे आणि निरनिराळ्या पंथीयांकडे समाधान शोधीत हिंडला. कोणाच्याही उत्तराने त्याचे समाधान झाले नाही. १६४७ च्या सुमारास त्याला जी प्रतीती आली तिचे सार असे की, ख्रिस्त माणसाच्या अंतःकरणाशी थेट बोलतो, आणि त्यासाठी पुरोहित, विद्यापीठाची पदवी किंवा दगडी चर्च यांपैकी कशाचीही मध्यस्थी लागत नाही. प्रत्येक मनुष्याच्या ठायी एक दिव्य प्रकाश आहे. त्याकडे लक्ष देणे हीच उपासना होय. १६५० मध्ये डार्बी येथे फॉक्सला ईश्वरनिंदेच्या आरोपावरून तुरुंगात टाकण्यात आले. ईश्वराच्या शब्दापुढे थरथर कापा, असे त्याने न्यायाधीशाला बजावले, तेव्हा त्या न्यायाधीशाने कुचेष्टेने या लोकांना ‘क्वेकर’, म्हणजे कापरे, असे नाव दिले. ते कायमचे चिकटले. पंथीय स्वतःला ‘मित्र’ म्हणवीत. १६५२ मध्ये वेस्टमोरलंड व लँकाशायर या उत्तरेकडील भागांत फॉक्सला मोठा अनुयायीवर्ग मिळाला, आणि स्वार्थमोर येथील मार्गरेट फेल हिचे घर चळवळीचे केंद्र बनले.

या उपासनेत ना वेदी होती, ना ठरीव प्रार्थना, ना पगारी धर्मगुरू. जमलेली माणसे स्तब्ध बसत. कोणाला आतून बोलण्याची प्रेरणा झाली तर तो बोले, मग तो शेतकरी असो वा मोलकरीण. स्त्रियांच्या या अधिकाराचे समर्थन करणारी पुस्तिका मार्गरेट फेलने १६६६ मध्ये प्रसिद्ध केली. येथे मौनाचे स्थान नीट समजून घेतले पाहिजे. क्वेकरांच्या दृष्टीने शब्द हा मौनातून उगवला तरच खरा. स्वतःच्या इच्छेने, सवयीने किंवा दुसऱ्यास खूष करण्यासाठी उच्चारलेला शब्द पोकळ ठरतो. ही कसोटी एकदा उपासनागृहात मान्य केल्यावर ती बाजारात, न्यायालयात आणि जेवणाच्या टेबलाशी लागू न करणे शक्य नव्हते. रिचर्ड बाउमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ च्या आपल्या ग्रंथात सतराव्या शतकातील क्वेकरांच्या बोलण्याचा व मौनाचा एकत्र विचार केला आहे, तो याच कारणामुळे. दैनंदिन भाषेची शुद्धी हा क्वेकरांच्या उपासनेचाच विस्तार होता.

२

या शुद्धीचा सर्वांत मोठा खटका उडाला तो द्वितीय पुरुषी सर्वनामावरून. मराठी वाचकाला हा प्रश्न समजावयास अडचण पडू नये. कारण ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवड करताना आपण वय, नाते, जात, हुद्दा आणि जिव्हाळा यांचे एक गुंतागुंतीचे गणित नकळत सोडवीत असतो. प्राचीन इंग्रजीत असे गणित नव्हते. ‘दाउ’ हे एका व्यक्तीसाठी आणि ‘यी’ किंवा ‘यू’ हे अनेकांसाठी, एवढाच भेद होता. तेराव्या शतकापासून, फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावाने, एका श्रेष्ठ व्यक्तीस अनेकवचनाने संबोधण्याची चाल इंग्रजीत शिरली. सतराव्या शतकापर्यंत सुशिक्षित समाजात ‘यू’ हेच सर्वसाधारण संबोधन बनले होते. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणात नोंदविले आहे की, एकट्या व्यक्तीला एकवचनाने संबोधणे हे सामान्यतः तुच्छतेचे किंवा मग सलगीचे लक्षण मानले जाते. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅले याच्यावरील खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक याने त्याला भर न्यायालयात हेतुपुरस्सर ‘दाउ’ म्हणून हिणविले होते. शब्दाला केवढी धार होती हे त्यावरून दिसते.

या पार्श्वभूमीवर क्वेकरांनी सर्वांना, अगदी दंडाधिकाऱ्यालाही, ‘दाउ’ म्हणावयास सुरुवात केली. त्यांचा युक्तिवाद दुहेरी होता. एक म्हणजे, एका माणसाला अनेक म्हणणे हे व्याकरणदृष्ट्या असत्य आहे, आणि असत्य भाषण करण्यास ते तयार नव्हते. दुसरे असे की, श्रेष्ठाला अनेकवचन व कनिष्ठाला एकवचन देणे हे अहंकाराचे पोषण आहे. ज्याच्या त्याच्या अंतरी जो प्रकाश आहे त्यात उच्चनीच भाव नाही. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चळवळ ज्या उत्तर भागात फोफावली तेथील ग्रामीण बोलीत ‘दाउ’ हे आपसांत नित्याचे होते. म्हणजे क्वेकरांनी कोणताही नवा शब्द घडविला नाही. शेतकरी शेजाऱ्याला जे म्हणे तेच त्याने जमीनदाराला व न्यायाधीशाला म्हणावे, एवढीच त्यांची मागणी होती. नावीन्य शब्दात नव्हते. तो कोणत्या दिशेने उच्चारला जातो यात होते.

या मागणीची किंमत घराघरांत मोजावी लागली. कवी मिल्टनचा तरुण स्नेही आणि पुढे फॉक्सच्या आत्मवृत्ताचा संपादक झालेला टॉमस एलवुड याने आपल्या आत्मचरित्रात, जे त्याच्या मृत्यूनंतर १७१४ मध्ये प्रसिद्ध झाले, वडिलांशी झालेल्या संघर्षाची हकीकत दिली आहे. मुलगा आपल्यापुढे डोक्यावरची टोपी काढीत नाही आणि आपल्याला ‘दाउ’ म्हणतो हे पाहून वडील संतापले. त्यांनी त्याला मारले आणि एकामागून एक त्याच्या सर्व टोप्या काढून घेतल्या. ईश्वरालाही तर आपण एकवचनानेच आळवितो, या मुलाच्या समजुतीपुढे वडिलांजवळ उत्तर नव्हते. पण पित्याच्या मानाचा प्रश्न तर्काने सुटणारा नव्हता. टोपीचा हा प्रश्न १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्या लंडनमधील प्रसिद्ध खटल्यातही उपस्थित झाला. न्यायालयाच्या आज्ञेने त्यांच्या डोक्यांवर टोप्या घालण्यात आल्या, आणि मग त्या काढल्या नाहीत म्हणून त्यांना दंड करण्यात आला. याच खटल्यात निर्दोष असा निर्णय दिल्याबद्दल ज्युरीलाही शिक्षा झाली, आणि त्या शिक्षेविरुद्धच्या दाव्यातून ज्युरीच्या स्वातंत्र्याचे तत्त्व इंग्लंडच्या कायद्यात प्रस्थापित झाले.

क्वेकरांनी आपल्या भूमिकेचे शास्त्रीय समर्थनही केले. फॉक्स, जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली या तिघांच्या नावे १६६० मध्ये एक विलक्षण ग्रंथ निघाला. मुलांना अक्षरे शिकविण्याच्या मुठीच्या फळीवरून त्याचे नाव घेतलेले होते, आणि विद्वान व धर्मोपदेशक यांना एकवचन व अनेकवचन शिकविणे हा त्याचा जाहीर हेतू होता. लॅटिन, ग्रीक, हिब्रू इत्यादी तीसहून अधिक भाषांतील सर्वनामे व क्रियापदे मांडून या ग्रंथात दाखविले आहे की, एकाला एक आणि अनेकांना अनेक म्हणणे ही भाषांची मूळ रीत आहे. भाषाशास्त्राच्या आजच्या कसोटीवर हा ग्रंथ टिकणारा नाही. आदरार्थी अनेकवचन जगातील असंख्य भाषांत स्वतंत्रपणे निर्माण झाले आहे, आणि त्यास असत्य म्हणणे म्हणजे व्याकरणाची रूपे व त्यांचा प्रयोग यांची गल्लत करणे होय. तथापि अनेकवचनाचा मान बादशहांच्या व पोपांच्या गर्वातून आला हे जे त्यांचे म्हणणे होते, ते सर्वस्वी निराधार नव्हते. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिल्मन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सत्ता आणि समभाव यांच्या दृष्टीने सर्वनामांचा अभ्यास करणाऱ्या सुविख्यात निबंधात, युरोपीय भाषांतील या प्रयोगाचा उगम चौथ्या शतकातील रोमन सम्राटांच्या संबोधनापर्यंत नेला आहे. सर्वनामात समाजाची उतरंड दडलेली असते हे या अल्पशिक्षित धर्मवेड्यांनी तीनशे वर्षे आधी ओळखले होते.

३

शपथेला त्यांनी दिलेला नकार हा याच विचाराचा दुसरा पैलू होय. शपथ घ्यावयाची म्हणजे शपथेवाचून केलेले भाषण कमी खरे असते हे मान्य करावयाचे. ख्रिस्ताने शपथ घेऊ नका असे स्पष्ट सांगितले असता, सत्याच्या दोन प्रती का असाव्यात, हा त्यांचा सवाल होता. सरकारच्या दृष्टीने हा राजद्रोहाचा पुरावा ठरला. राजनिष्ठेची शपथ नाकारल्यावरून मार्गरेट फेलला १६६४ ते १६६८ पर्यंत लँकास्टरच्या किल्ल्यात बंदिवास भोगावा लागला. १६६२ मध्ये तर खास क्वेकरांसाठी कायदा करून शपथ नाकारणे शिक्षापात्र ठरविण्यात आले. पुढे १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्याने उपासनेला मोकळीक मिळाली, आणि १६९६ मध्ये शपथेऐवजी केवळ गंभीर कथन करण्याची त्यांना मुभा देण्यात आली. त्या कथनातही ईश्वराचा उल्लेख होता. तो १७२२ मध्ये वगळला गेला. तरीही फौजदारी खटल्यांत ही मुभा त्यांना एकोणिसाव्या शतकापर्यंत मिळाली नाही, आणि शपथेऐवजी कथन करून जोसेफ पीज हा क्वेकर ब्रिटिश लोकसभेत बसला तो १८३३ मध्ये. आज भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी दिलेले आढळतात. त्यांतील दुसऱ्या पर्यायाच्या कायदेशीर पूर्वपरंपरेत या हट्टी तुरुंगवासीयांचा वाटा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

हाच एकवचनी व्यवहार दुकानातही आला. घासाघीस म्हणजे दोन्ही बाजूंनी बोललेले खोटे. म्हणून क्वेकर दुकानदार मालाची एकच किंमत सांगत. फॉक्सने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे की, प्रथम गिऱ्हाइके बिचकली. पण पुढे लहान मुलाला पाठविले तरी फसवणूक होत नाही असा अनुभव आल्यावर क्वेकरांचा धंदा वाढला. विद्यापीठे व सरकारी हुद्दे बंद असल्यामुळे व्यापाराकडे वळलेल्या या समाजातून पुढे बार्कले व लॉइड यांच्या पेढ्या आणि कॅडबरी, फ्राय व राउनट्री यांचे चॉकलेटचे कारखाने निघाले. जगाकडे पाठ फिरविणाऱ्या साधनेला जगाने अशा रीतीने सधन केले.

वारांच्या व महिन्यांच्या नावांची हकीकत अधिक उद्बोधक आहे. इंग्रजीतील ही नावे बहुतांशी प्राचीन देवतांवरून पडलेली असल्यामुळे क्वेकर रविवारला ‘पहिला दिवस’ आणि मार्च महिन्याला ‘पहिला महिना’ म्हणत; कारण तेव्हा इंग्लंडमध्ये कायद्याने वर्षारंभ २५ मार्चला होई. सप्टेंबर ते डिसेंबर ही नावे मुळात सातवा ते दहावा या अर्थाची असल्याने तेवढी त्यांना चालत. १७५२ मध्ये पंचांगसुधारणा होऊन वर्षारंभ जानेवारीत आला. आता सप्टेंबर नववा झाला, आणि जे नाव काल खरे होते ते आज खोटे ठरले. तेव्हा क्वेकरांनी हीही नावे टाकून सर्वच महिन्यांना नव्या क्रमाने मोजण्याचा निर्णय केला. शब्द आणि वस्तू यांत तसूभरही अंतर राहू नये, ही त्यांची धडपड येथे जवळजवळ करुण वाटावी इतकी प्रामाणिक आहे.

४

परंतु शब्द खरा ठेवला म्हणजे जीवन खरे होते काय? या प्रश्नाची कठोर परीक्षा अटलांटिकच्या पलीकडे झाली. बार्बाडोस बेटावरील व अमेरिकन वसाहतींतील अनेक क्वेकर गुलामांचे मालक होते. १६७१ मध्ये फॉक्स बार्बाडोसला गेला, तेव्हा गुलामांना दयेने वागवावे आणि त्यांना धर्म शिकवावा असा उपदेश त्याने केला. गुलामगिरी नष्ट करा असे त्याने म्हटले नाही. १६८१ मध्ये सनद मिळवून पेनसिल्व्हेनिया वसाहत स्थापणाऱ्या विल्यम पेनजवळही गुलाम होते. गव्हर्नर आणि गुलाम या दोघांनाही एकच सर्वनाम लाभले होते. पण एकाला दुसऱ्याची विक्री करता येत होती. १६८८ मध्ये जर्मनटाउन येथील चार जणांनी या प्रथेविरुद्ध लेखी निषेध सादर केला. तो एका सभेने वरच्या सभेकडे व तिने आणखी वरच्या सभेकडे पाठविला, आणि अखेर तो बाजूला ठेवण्यात आला.

ही कोंडी फोडणाऱ्यांत जॉन वुलमन (१७२०–१७७२) याचे नाव अग्रभागी आहे. न्यू जर्सीतील माउंट हॉली येथे तो दुकानात नोकरीस असता, धन्याने विकलेल्या एका निग्रो स्त्रीचे विक्रीपत्र लिहिण्यास त्याला सांगण्यात आले. धन्याची आज्ञा होती, विकत घेणारा पंथातीलच एक वृद्ध गृहस्थ होता. वुलमनने ते लिहिले. मात्र ही प्रथा ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे त्याने तेथेच बोलून दाखविले. पुढे तसाच प्रसंग आला तेव्हा त्याने लेखणी उचलण्यास नकार दिला. गुलामांचा वारसा ठरविणारी मृत्युपत्रेही तो लिहीनासा झाला. या घटनेचे मर्म असे की, येथे शब्दाच्या सत्यतेची कल्पना एक पायरी वर गेली. सर्वनाम अचूक असूनही विक्रीपत्रातील वाक्य हे वाक्य म्हणूनच अन्यायाचे कृत्य असू शकते. वुलमनने १७५४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध निबंध प्रसिद्ध केला. तो गावोगाव फिरून क्वेकर मालकांच्या घरी उतरे आणि सौम्यपणे त्यांच्याशी बोले. यजमानाकडील गुलामांच्या सेवेचा मोबदला तो हातावर ठेवी. पुढे त्याने रंगविलेले कपडे आणि गुलामांच्या श्रमाची साखर वर्ज्य केली. १७७२ मध्ये तो इंग्लंडला गेला तो जहाजाच्या खालच्या, खलाशांच्या भागातून. टपालगाड्यांना जुंपलेल्या घोड्यांचे व त्या हाकणाऱ्या मुलांचे हाल पाहून त्याने गाडीत बसणे नाकारले, आणि लंडनहून पायी चालत तो यॉर्कला पोहोचला. तेथेच देवीच्या आजाराने त्याचा अंत झाला.

फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ मध्ये गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्यांना कारभाराच्या सभांतून दूर ठेवण्याचे ठरविले आणि १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना सभासदत्वच नाकारले. क्वेकर सभांत मतदान होत नाही. सभेचा एकूण कल ओळखून सचिव तो शब्दांत मांडतो आणि सर्वांची संमती होईपर्यंत सभा थांबते. या पद्धतीमुळे निर्णयाला जर्मनटाउनच्या निषेधापासून ८८ वर्षे लागली, हा तिच्यावरील गंभीर आक्षेप आहे. त्या काळात किती जन्म दास्यात सरले याचा हिशेब मौनाच्या महतीने भरून निघत नाही. मात्र निर्णय झाला तेव्हा तो एका संपूर्ण समाजाचा झाला, हेही तितकेच खरे.

५

दरम्यान इंग्रजी भाषा आपल्या वाटेने चालली होती. अठराव्या शतकात ‘यू’ हे राजापासून चाकरापर्यंत सर्वांसाठी रूढ झाले आणि ‘दाउ’ प्रार्थना, काव्य व काही बोली यांपुरता उरला. ज्या समतेसाठी क्वेकर झगडले होते ती सर्वनामात प्रस्थापित झाली खरी, पण नेमकी उलट टोकाने. सर्वांना एकवचन देण्याऐवजी समाजाने सर्वांना अनेकवचन दिले. परिणामी क्वेकरांच्या एकवचनाचा अर्थच पालटला. पूर्वी ते मानाची उतरंड मोडीत असे; आता ते बोलणारा कोणत्या पंथाचा आहे एवढेच सांगू लागले. पुढे क्वेकरांत, विशेषतः अमेरिकेत, ‘दाउ’ या कर्त्याच्या रूपाची जागा ‘दी’ या कर्माच्या रूपाने घेतली आणि त्याला तृतीय पुरुषी क्रियापद जोडले जाऊ लागले. व्याकरणाच्या अचूकतेसाठी सुरू झालेला आग्रह अशा रीतीने स्वतःचेच वेगळे व्याकरण घडवून बसला. घरात व पंथात ‘दी’ आणि बाहेर ‘यू’ अशी विभागणी झाल्यावर तर जो भेद मिटवावयाचा होता तोच नव्या रूपाने परतला.

पोशाखाचेही असेच झाले. साधेपणाला ठरावीक रंग व ठरावीक काट प्राप्त होऊन त्याचा गणवेश बनला. हा धोका वृद्ध मार्गरेट फेलने १७०० मध्येच ओळखला होता. सर्वांनी एकाच रंगाचे व एकाच प्रकारचे कपडे घालावेत या आग्रहाचा तिने कडक शब्दांत निषेध केला. तिचे ऐकले गेले नाही. अखेर १८६० च्या सुमारास लंडनच्या वार्षिक सभेने साधी भाषा व साधा वेष यांची सक्ती उठविली. हे परंपरेचे पतन होते की तिची सुटका, याविषयी त्या काळीही दुमत होते.

याचा निर्णय पुढील इतिहासाकडे पाहूनच करावा लागतो. खुणा गेल्या, पण मौन उपासना, मतदानावाचून निर्णय घेण्याची रीत आणि युद्धास नकार ही अंगे टिकून राहिली. दोन महायुद्धांच्या काळातील व त्यानंतरच्या सेवाकार्याबद्दल ब्रिटिश व अमेरिकन क्वेकरांच्या दोन संस्थांना १९४७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. महाराष्ट्राशीही या परंपरेचा संबंध आला. मार्जोरी साइक्स (१९०५–१९९५) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या क्वेकर शिक्षिकेने स्वातंत्र्योत्तर काळात सेवाग्राम येथे नयी तालीमच्या शिक्षकांना तयार करण्याचे काम केले. सूत कातणे, सफाई आणि सामुदायिक प्रार्थना यांनी बांधलेल्या त्या दिनक्रमात एका क्वेकर स्त्रीला परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते.

प्रचलित जीवनपद्धतीला नकार देणाऱ्या प्रत्येक साधनेला बाह्य खुणांची गरज भासते. कारण नकार दिसल्यावाचून तो नकार ठरत नाही. परंतु खुणेचा अर्थ तिच्या भोवतालच्या समाजावर अवलंबून असतो, आणि समाज स्थिर राहत नाही. १६५२ मध्ये न्यायाधीशापुढे उच्चारलेला ‘दाउ’ आणि १८५२ मध्ये भोजनाच्या टेबलाशी उच्चारलेला ‘दी’ यांत रूपाचे अंतर थोडे आहे, अर्थाचे मात्र फार मोठे. ज्या प्रश्नातून खूण जन्मास आली तो प्रश्न पुनःपुन्हा विचारीत राहणे, एवढाच यावर उपाय दिसतो. तो वुलमनने विचारला. त्याच्या पूर्वजांनी विचारले होते की, हा शब्द खरा आहे काय? त्याने विचारले की, हा शब्द लिहिल्याने कोणाचे काय होणार आहे? क्वेकरांच्या भाषेचा इतिहास या दोन प्रश्नांमधील अंतराचा इतिहास आहे.